गिअरची दांडी पुन्हा थरथरतेय? तिसऱ्यांदा फाउंडेशन बदलण्याआधी हे बघा

आमच्या गाडीचं उजवं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग, दोन वर्षांत दोनदा बदललं. दोन्ही वेळा गॅरेजमधून निघाली तेव्हा गाडी शांत होती. दोन्ही वेळा सात-आठ महिन्यांनी तेच सुरू झालं. सिग्नलला थांबलं की गिअरची दांडी थरथरायची, मुठीवर हात ठेवला की झिणझिण्या कोपरापर्यंत. तिसऱ्यांदा गेलो तर मिस्त्री बोनेट न उघडताच म्हणाला, "फाउंडेशन गेलंय दादा, नवीन टाकून देऊ." गेलं होतंच. पण ते सारखं सारखं का जातंय हे कोणी बघत नव्हतं, मीसुद्धा नाही.

गाडी साधीच आहे. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, वर सीएनजी बसवलेला, सव्वा लाख किलोमीटर झालेले. इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची रचना हीच असते, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या गाडीलाही लागू पडेल. मी मेकॅनिक नाही. तीन वेळा पैसे मोजल्यावर माणूस जेवढा शिकतो तेवढा शिकलोय.

आधी एक फुकटचं काम. दांडीच्या आसपासचा सगळा पसारा काढा. सुटी नाणी, टोलच्या पावत्या, चार्जर, बडीशेपेची डबी. मग वरची मूठ पिळून घट्ट करा. काही गाड्यांत ती आट्यांवर फिरवून बसवलेली असते आणि अर्धा आटा सैल झाली तरी कर्कश आवाज करते. हसू नका, माझ्या एका मित्राने गिअरबॉक्सचा खर्च विचारून ठेवला होता आणि निघालं काय, तर दांडीच्या कव्हराखाली अडकलेलं पाच रुपयांचं नाणं.

कधी थरथरते?

दांडी स्वतःहून थरथरत नाही. ती गिअरबॉक्सला जोडलेली असते, गिअरबॉक्स इंजिनला बोल्टने आवळलेला असतो, आणि ते दोघं मिळून तीन-चार रबरी फाउंडेशनांवर गाडीत टांगलेले असतात. त्यामुळे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, एक्सल (चाकांना फिरवणारे दांडे) यांपैकी कुणाचंही दुखणं दांडीवर दिसतं. "दांडी थरथरते" एवढंच सांगितलं तर मिस्त्री त्याच्या अनुभवातलं सगळ्यात नेहमीचं उत्तर देणार, आणि ते उत्तर म्हणजे फाउंडेशन. म्हणून गॅरेजला जायच्या आधी दोन-तीन दिवस नुसती नोंद ठेवा: उभ्या गाडीत की चालत्या, न्यूट्रलला की गिअरमध्ये, क्लच दाबल्यावर वाढते की थांबते, एसी लावल्यावर काय होतं, थंड इंजिनला की गरम, सीएनजीवर की पेट्रोलवर. आणि थरथर फक्त दांडीत आहे, की सीट आणि स्टिअरिंगमध्येही आहे?

यातला शेवटचा प्रश्न निम्मी शोधाशोध वाचवतो. सीट, स्टिअरिंग, आरसा सगळंच हलत असेल तर मूळ इंजिनात किंवा फाउंडेशनात आहे. बाकी गाडी शांत आणि एकटी दांडीच नाचत असेल, तर दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीकडे बघायचं.

थोडी थरथर असतेच

तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर जन्मजात असते. त्याचे पिस्टन इंजिनाला टोकापासून टोकापर्यंत डोलवतात आणि तो डोल पूर्ण मारायचा तर वेगळा बॅलन्स शाफ्ट लागतो, जो स्वस्त गाड्यांत सहसा नसतो. ज्यांनी 796 सीसीची, तीन सिलिंडरची जुनी मारुती 800 चालवली आहे त्यांना सिग्नलला डोलणारी दांडी नवी नाही. जीप, पिकअप, बोलेरो अशा मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांत तर दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातून वर आलेली असते, तेव्हा गिअरबॉक्सचा प्रत्येक हुंकार हातात येणारच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत दांडी स्टिअरिंगखाली होती, तरी तीही थरथरायचीच. प्रश्न किती थरथरते हा नाही. आधीपेक्षा वाढली का, हा आहे.

उभ्या गाडीत

इंजिन गरम होऊ द्या, गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. बहुतेक पेट्रोल गाड्यांत गरम इंजिनाचा आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, साधारण 700 ते 900 आरपीएम (मिनिटाला फेरे) असतो. काटा त्याच्या खाली रेंगाळत असेल किंवा वरखाली होत असेल, तर फाउंडेशनला हात लावण्याआधी आयडल नीट करून घ्या. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) साचलेलं काजळ, कुठेतरी हवा ओढणारी फाटकी नळी ही नेहमीची कारणं. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा भार येतो, तेव्हा गाडीच्या संगणकाने आयडल थोडा वर उचलायचा असतो. तो उचलला जात नसेल तर एसी लावला की दांडी थरथरते आणि बंद केला की थांबते. एसीबरोबर रेडिएटरसमोरचा पंखाही फिरायला लागतो, हे विसरू नका. त्याचं एक पातं मोडलेलं असलं तरी गाडी थरथरते. तेव्हा दोष कॉम्प्रेसरच्या क्लचबरोबर येतो की पंख्याबरोबर, ते कान देऊन ऐका.

आता मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन न पेटणं. इथे थोडं गणित आहे, पण कामाचं आहे. 800 आरपीएम म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) सेकंदाला सुमारे 13 फेरे मारतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला 27 च्या आसपास. तीन सिलिंडरला 20. एवढी जलद थरथर हाताला एकसंध झिणझिणीसारखी लागते, वेगळे ठोके मोजता येत नाहीत. पण एक सिलिंडर मेलेला असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा खड्डा पडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात धक्के. हे धक्के सुटे सुटे जाणवतात. घोड्याने एक पाय लंगडत चालावं तसं. हात मुठीवर ठेवून डोळे मिटा. झिणझिण लागत असेल तर बोट फाउंडेशनकडे, लंगडत असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टरकडे. ही चाचणी मला गाडीच्या संगणकाला जोडायच्या कुठल्याही स्कॅनरइतकी आवडते. पण स्कॅनर लावायला मिळाला तर नक्की लावा, कोणता सिलिंडर किती वेळा चुकला याचा आकडा तो थेट दाखवतो.

सीएनजीवाल्यांनी एक जास्तीचं करावं, तेच इंजिन पेट्रोलवर घेऊन बघावं. पेट्रोलवर शांत आणि गॅसवर लंगडत असेल तर प्लग आणि कॉइलवर पहिला संशय, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि थकलेला प्लग आधी तिथेच उघडा पडतो. त्यानंतर गॅसचा फिल्टर आणि ट्युनिंग. बरेच किलोमीटर गॅसवर झाले असतील तर टपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, तेही तपासून घ्या. व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीत झिजत जातात, टपेटची फट कमी होते आणि आयडल खडबडीत होतो. ही टपेटची गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या प्रकरणात ती परत येणार आहे.

फाउंडेशन खरंच गेलंय का?

गेलेल्या फाउंडेशनची खूण थरथरीपेक्षा धक्क्यात जास्त दिसते. इंजिन चालू करताना आणि विशेषतः बंद करताना गाडीला एक धक्का बसतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडी हातभर नाही तरी बोटभर पुढेमागे सरकते. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये असताना, माझी दांडी अशी मान हलवायची की बायको म्हणाली, "ही नाही म्हणतेय."

तपासायला दोघं लागतात. एक गाडीत, दुसरा बोनेटच्या बाजूला. समोर कुणीही उभं राहायचं नाही, मागेही नाही. चाकांना दगड, हँडब्रेक पूर्ण, ब्रेकवर पाय घट्ट. पहिला गिअर टाकून क्लच अगदी हळू सोडायचा, इंजिन एका बाजूला वाकायला लागलं की लगेच परत दाबायचा. मग तेच रिव्हर्सला, इंजिन उलट बाजूला वाकेल. थोडं वाकणं ठीक. उडी मारल्यासारखं वाकलं किंवा "धड" असा आवाज आला, तर कुठलं तरी रबर फाटलंय. दोन-चार वेळांपेक्षा जास्त करू नका, क्लच प्लेट भाजते.

मग टॉर्च घेऊन एकेक फाउंडेशन बघा. आडव्या इंजिनाला साधारणपणे उजव्या बाजूला एक, डावीकडे गिअरबॉक्सवर एक आणि खाली मागे एक लहान दांडा, दोन्ही टोकांना रबरी बुश असलेला. हा खालचा दांडा इंजिनाचं पुढेमागे झुलणं थांबवतो. दांडीचा धक्का बहुतेक वेळा याच्या फाटलेल्या बुशमुळे असतो, आणि बदलायला तिघांत स्वस्त हाच. काही गाड्यांत उजव्या फाउंडेशनच्या पोटात द्रव भरलेला असतो. तो गळून खाली काळा ओघळ दिसत असेल तर त्याचं काम संपलं. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. स्टँड लावा, नाहीतर गॅरेजमध्ये रॅम्पवर बघा.

क्लच दाबून बघा

न्यूट्रलमध्ये क्लच वर असताना गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. म्हणून क्लच दाबल्यावर दांडीची घरघर थांबली, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या बेअरिंगवर संशय घ्या आणि गिअर ऑइलची पातळी बघा. उलट, क्लच दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट. गाडी सुटतानाच, अर्ध्या क्लचवर, दांडी आणि अख्खी गाडी थडथडत असेल, पण एकदा क्लच पूर्ण सुटला की शांत होत असेल, तर क्लच प्लेटवर तेल आलंय किंवा फ्लायव्हीलवर (ती प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर) भाजल्याचे डाग पडलेत. अशा वेळी नुसती प्लेट बदलून फ्लायव्हील तसंच ठेवलं तर थडथड दोन महिन्यांत परत येते. आणि तेल आलं असेल तर ते कुठल्या सीलमधून आलं हे शोधल्याशिवाय नवीन प्लेट टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

एक खोटा इशारा: पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली, विशेषतः कोकणात, तर फ्लायव्हीलवर हलका गंज धरतो आणि पहिल्या पाच-सहा वेळा सुटताना गाडी थडथडते. ते आपोआप जातं. त्यासाठी गॅरेज गाठू नका.

चालत्या गाडीत

ठरावीक वेगालाच थरथर येत असेल तर मोकळा, सपाट, सरळ रस्ता बघा. 80 ला पाचव्यात असताना क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा, इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर ती चाकांची, टायरची किंवा एक्सलची. 80 च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला फक्त 11-12 फेरे मारतं, त्यामुळे ती थरथर जाड आणि संथ असते. क्लच दाबताच थरथर गेली तर इंजिनाच्या बाजूचं काहीतरी. चाचणीत इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग त्यावरच चालतात. ॲक्सिलरेटर दाबला की थडथड आणि सोडला की गायब, तीही 40-60 च्या दरम्यान, तर आतल्या बाजूच्या एक्सल जॉइंटकडे बघा. त्याचं रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस उडालेलं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत याच जागी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस आणि मधलं बेअरिंग येतात.

ठरावीक आरपीएमला, समजा 2000 ला, गिअर कुठलाही असो, बारीक भुणभुण येत असेल तर सायलेन्सर गाडीला कुठे टेकतोय का ते बघा. त्याची लटकणारी रबरं तुटतात आणि गिअरच्या बोगद्याखालचं पत्र्याचं उष्णतेचं कवच सैल होतं. थंड असताना हाताने हलवलं की समजतं. गरम असताना हात लावू नका.

फक्त दांडीच नाचते

जुन्या छोट्या गाड्यांत दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन सळया जातात, एक गिअर बदलायला आणि दुसरी दांडीच्या बैठकीला गिअरबॉक्सशी बांधून ठेवायला. दुसरीचा बुश झिजला की गिअर पडतात, पण दांडी भिरभिरते. बुश किरकोळ किमतीचा, काम तासाभराचं. नव्या गाड्यांत केबल असतात. त्यांचे टोकाचे बुश, केबल जिथे आत येते तिथलं रबर, आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला लावलेलं वजन हे तिन्ही बघा. ते जड वजन थरथर गिळण्यासाठीच असतं. क्लचचं काम करताना कुणी ते "उगाच ओझं" म्हणून काढून ठेवल्याचं मी ऐकलंय. दांडीच्या बुडाशी एक प्लास्टिकची वाटी असते, ती झिजली तरी दांडी सैल होते.

गाडी चालवताना हात दांडीवर टेकवून ठेवायची सवय असेल तर सोडा. तो दाब गिअरबॉक्सच्या आत फिरणाऱ्या भागावर टेकलेल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कपर्यंत पोहोचतो आणि फोर्क झिजतो. पण गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर ते थरथरीच्या पलीकडचं दुखणं आहे. तशी गाडी घाटात नेऊ नका.

आमचं फाउंडेशन का जात होतं

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा टाकलेलं फाउंडेशन बाजारातलं स्वस्त होतं. त्याचं रबर इतकं कडक होतं की पहिला महिना थरथर उलट वाढल्यासारखी वाटली. मिस्त्री म्हणाला, "बसेल." आणि तेव्हा ते खरंच बसलं, म्हणून मला वाटलं तो बरोबर होता. दुसऱ्यांदा मूळ कंपनीचं आणलं, दुप्पट पैसे देऊन. तेही आठ महिन्यांत मऊ पडून खाली बसलं.

उत्तर मिळालं ते सासुरवाडीला, साताऱ्यात. खंबाटकीनंतर गाडी बायकोच्या काकांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी इंजिन चालू केलं नाही की दांडीला हात लावला नाही. फाउंडेशनच्या खालून बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. काळं, चिकट. "साहेब, रबराला तेल पाजताय तुम्ही. आता ते किती दिवस टिकायचं?"

त्याच्या अडीच वर्षं आधी सीएनजीवर इंजिन खडबडत होतं म्हणून एका गॅरेजमध्ये टपेट सेटिंग करून घेतलं होतं. टपेट कव्हर उघडलं, काम झालं, आणि तेल अडवणारं जुनंच, कडक झालेलं गास्केट परत बसवलं. तेव्हापासून त्या टोकातून तेल पाझरत होतं. जमिनीवर थेंब पडावा इतकं नाही, ओघळ इंजिनाच्या बाजूने खाली येऊन नेमका उजव्या फाउंडेशनवर मुरावा इतकंच. त्या रबराला तेल लागलं की ते फुगतं, मऊ होतं आणि मग भाराखाली फाटतं. मी दर वेळी नवीन रबर आणत होतो आणि त्याच तेलात भिजवत होतो. तेलाची पातळी घटायची, ती मी गाडीच्या वयावर ढकलत होतो.

गास्केट चारशे-पाचशेला आलं. दुसऱ्या फाउंडेशनची किंमत लिहीत नाही, घरी हे वाचलं जाईल.

तुमची थरथर परत परत येत असेल तर अशा तीन-चार गोष्टी बघून घ्या. वरून तेल किंवा रेडिएटरचं पाणी ठिबकतंय का. तिन्ही फाउंडेशनं एकाच वयाची आहेत का, कारण दोन जुनी थकलेली आणि एक नवं असेल तर सगळा भार नव्यावर येतो. मिसिंग शिल्लक आहे का, कारण लंगडणारं इंजिन नवीन रबरालाही रोज हाणत राहतं. आणि बोल्ट कसे आवळले. इंजिन जॅकवर वाकडं उचललेलं असताना बोल्ट आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवीन असूनही थरथर आत सोडतं. बोल्ट आधी सैल लावायचे, जॅक काढायचा, इंजिनाला हाताने हलवून त्याच्या जागी बसू द्यायचं, मगच पाना घ्यायचा. जॅक इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली लावताना मध्ये लाकडी फळी घालायला सांगा, नाहीतर पत्रा दबतो.

हे सगळं त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर केलं, फाउंडेशन मीच पुण्याहून नेलं होतं. त्याला आता चौदा महिने झाले. खंबाटकीवर दांडी गप्प असते. एसी लावल्यावर किंचित थरथर अजून येते, ती थ्रॉटल बॉडीची असावी असा माझा अंदाज आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला साफ करून घेणार आहे, फाउंडेशनला हात न लावता.